सावंतवाडीत दीड दिवस: कला, वेशभूषा आणि वारसा यांतले काय पाहावे?

टाका_बखिया (चिपळूण) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी चिपळूणची असून गेली अठरा वर्षे घरच्या ओटीवर शिवणकाम करते. ब्लाउज आणि परकर-पोलकी हे मुख्य काम, आणि अलीकडे शिवलेल्या नऊवारी साड्यांना मागणी वाढल्यामुळे त्याही करते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कुडाळला चुलत दिरांच्या मुलीचे लग्न आहे. लग्न शुक्रवारी आटोपते आणि आमची परतीची गाडी रविवारी दुपारनंतरची आहे, म्हणजे शनिवार पूर्ण आणि रविवारची सकाळ असा दीड दिवस हाताशी उरतो. मुक्काम कुडाळलाच, नातेवाइकांकडे आहे.

आम्ही तिघी आहोत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांना पायऱ्या चालत नाहीत. मुलगी पुण्यात फॅशन डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिला एखाद्या लहान शहराची कला, तिथली वेशभूषा आणि जुना वारसा यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, यावर एक टिपणवही करून द्यायची आहे. तिच्या वर्गातल्या मुली पैठण, येवला, सोलापूर अशी नावे घेत आहेत. मी सावंतवाडी सुचवली, तेव्हा तिने सरळ विचारले, "आई, कोकणात कसली आलीय फॅशन?" मला उत्तर देता आले नाही, कारण मी स्वतः रेल्वेने त्या बाजूला अनेकदा गेले असले तरी सावंतवाडीला एकदाही उतरलेले नाही.

तर माझी विचारणा अशी आहे. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा ठाऊक आहेत, पण कपड्यालत्त्याशी संबंधित असे तिथे काही आहे का? त्याच दिवशी मालवणचा किल्लाही उरकता येईल का, कारण दिरांचा तसा आग्रह आहे? आणि सासूबाईंना त्रास न होता हे सारे कसे बसवावे? खरेदीबद्दलही सांगावे, कारण अस्सल वस्तू ओळखण्याची नजर मला कापडात आहे, लाकडात नाही.

चितारआळीचा_शेजारी (सावंतवाडी) यांचे उत्तर

ताई, नमस्कार. मी इथल्या शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

तुमच्या मुलीचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे खरे उत्तर आधी द्यायला हवे. पैठणी म्हटली की पैठण आणि येवला डोळ्यांपुढे येतात, तसे सावंतवाडीच्या नावाने ओळखले जाणारे वस्त्र नाही. इथल्या दुकानांत ज्या साड्या दिसतात त्या घाटावरून आणि मुंबईवरून येतात. म्हणून ती कापड शोधायला आली तर हिरमुसून परत जाईल. परंतु माणसे कशी नटतात, राजा कसा बसतो, देवाला काय नेसवतात, हे या गावाने कापडावर न विणता कागदावर, लाकडावर आणि रंगभूमीवर उतरवून ठेवले आहे. तिने वही घेऊन यावे आणि पेन्सिलीला टोक करून आणावे.

शनिवारी सकाळी कुडाळहून एसटीने निघावे, अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे. उतरल्यावर थेट राजवाड्यात जावे. हे गाव सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी, जुने नाव सुंदरवाडी. जांभ्या दगडातला हा राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला आहे, म्हणजे १७५५ ते १८०३ या त्यांच्या कारकिर्दीतला. समोरचा मोती तलाव मात्र त्यानंतर बराच उशिरा, १८७४ मध्ये बांधला गेला. राजवाड्यातल्या दरबार सभागृहात गंजिफा रंगवणारे कलाकार बसून काम करतात, आणि माझ्या मते तुमच्या दीड दिवसातला सगळ्यांत मोलाचा वेळ तोच आहे. संग्रहालयातल्या वस्तू पाहण्यात अर्धा तास घालवा, पण रंगवणाऱ्याच्या शेजारी निदान एक तास बसा. पाहण्याची वेळ आदल्या दिवशी दूरध्वनीवर विचारून घ्यावी.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. खेळ इराणी वळणाचा, मोगलांबरोबर इकडे रुजलेला. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली त्याचा उल्लेख आहे. मोगल पद्धतीच्या जोडात आठ रंग आणि ९६ पाने असतात. आपल्याकडे त्याची दशावतारी गंजिफा झाली: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, मिळून १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू अशा खुणा मोजून पान ओळखायचे. खेळाची सुरुवात दिवसा रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने करण्याचा नियम आहे, आणि पाच रंगांत दश्शी वरचढ तर उरलेल्या पाचांत एक्का वरचढ, अशी डोके शिणवणारी खुबीही आहे. (माझे वडील रात्री खेळताना चुकून रामाची उतारी करणाऱ्याला ताक प्यायला लावत.)

मुलीने लक्ष द्यावे ते राजा आणि प्रधान यांच्या वीस पानांकडे. तळहातात मावणाऱ्या वर्तुळात चित्रकाराने मुकुट, उपरणे, पीतांबराचा काठ, बाजूबंद, घोड्याची झूल एवढे सगळे बसवलेले असते. जागा अपुरी असल्यामुळे त्याला ठरवावे लागते की वस्त्रातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे. काठ ठेवतात, चुण्या दोन-तीन रेघांत उरकतात. वेशभूषा शिकणाऱ्या मुलीला याहून चांगला धडा मला तरी सुचत नाही.

जुनी पाने कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, दगडाने घोटून गुळगुळीत करत. आता पाया कागदाचा असतो. रंगकाम झाल्यावर लाखेचा हात देतात. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जाणणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी उरलेल्या चिताऱ्यांकडून ती शिकून घेतली, स्वतः हात रंगात घातले आणि १९७१ मध्ये सावंतवाडी लॅकरवेअर्स या नावाने राजवाड्यातच काम उभे केले. सत्वशीलादेवी २०१८ साली वारल्या, परंतु दरबारातली बैठक चालू आहे. गंजिफा आणि लाकडी खेळणी या दोहोंना आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

एक गोष्ट मात्र थेट पोशाखाची आहे, आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. एकोणिसाव्या शतकात सावंतवाडीची ख्याती वाळ्याच्या, म्हणजे सुवासिक मुळ्यांच्या गवताच्या, नक्षीकामासाठी होती. वाळ्याच्या मुळ्यांचे पंखे, डब्या, करंड्या विणून त्यांवर जर आणि रेशीम भरत, आणि टिकल्यांच्या जागी भुंग्याचे हिरवे चमकते पंख कापून टाकत. असा एक पंखा मी आयुष्यात एकदाच, एका विद्यार्थ्याच्या आजोळी पाहिला. गोल, कडेला रेशमी झालर, मधोमध जरीची वेल, आणि वेलीची पाने म्हणजे ते पंख. शंभर वर्षांनी जर काळी पडली होती, झालर विरली होती, पण पंखांचा हिरवा रंग ओल्या पानासारखा होता. त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून आजींनी वारा घातला तेव्हा वाळ्याचा वासही आला. लग्नकार्यात मिरवायची वस्तू होती ती, म्हणजे तुमच्या भाषेत फॅशनच.

दुपारी लाकडी खेळण्यांच्या दुकानांच्या चितार आळीत जाण्याची घाई करू नये, कारण जेवणानंतर आमचा बाजार डोळे मिटतो. चारनंतर जावे. सासूबाईंना तोवर तलावाच्या काठी सावलीत बसता येईल, तिथे चढउतार नाही. मालवण त्या दिवशी नको, एवढेच म्हणतो. कारण मालवणकरच सांगतील.

बंदरावरचा (मालवण) यांचे उत्तर

सांगतो. दिरांचा आग्रह प्रेमापोटी असला तरी तो मोडावा. सिंधुदुर्गाला जायचे म्हणजे होडीत चढणे-उतरणे आले, तेही हलत्या पाण्यावर. त्यानंतर उन्हात चालणे आले. बहात्तर वर्षांच्या गुडघ्यांना हे परवडणार नाही. शिवाय १६६४ ते १६६७ या काळात उभा राहिलेला, आणि २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेला किल्ला तासाभरात उरकणे मला स्वतःला आवडत नाही.

तरीही तुमच्या मुलीच्या वहीसाठी एक नोंद देतो, म्हणजे पुढच्या खेपेला ती मुद्दाम येईल. किल्ल्यात राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तिथली शिवरायांची मूर्ती आपल्या नेहमीच्या चित्रांतल्यासारखी नाही: तिला दाढी नाही, आणि डोक्यावर जिरेटोप नसून दर्यावर्दी माणसाच्या टोपीसारखे शिरोभूषण आहे. किनाऱ्यावरच्या लोकांनी राजाला आपल्या वेशात पाहिले, असे आम्ही इथे मानतो. वेशभूषेवर वही लिहिणाऱ्याने यावर दोन पाने लिहावीत, पण निवांत येऊन.

भंगसाळ_काठ (कुडाळ) यांचे उत्तर

आमच्या गावी लग्नाला येताच आहात, तर रविवारची सकाळ पिंगुळीला द्यावी. कुडाळपासून रिक्षाने काही मिनिटांचे अंतर आहे, त्यामुळे दुपारच्या गाडीची चिंता नाही. गुरुजींनी गंजिफांवर एवढे लिहून पिंगुळीचे नावही काढले नाही, याबद्दल माझी प्रेमाची तक्रार नोंदवून ठेवतो.

पिंगुळीचे ठाकर लोक पिढ्यान्पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या दाखवत आले आहेत. सावंतवाडीकरांचा त्यांना आश्रय होता आणि देवळांतून कथा सांगण्याचे मान त्यांच्याकडे होते. परशुराम गंगावणे यांनी घराशेजारच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला अंगण हे संग्रहालय उभे केले; त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

चित्रकथीत एकेका प्रसंगाचे कागदी चित्र असते, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात आणि एका आख्यानाच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. सांगणारा मांडीशी चित्र उभे धरून गात गात कथा पुढे नेतो आणि प्रसंग बदलला की चित्र पालटतो. माणसांचे चेहरे बहुधा एका बाजूने दिसणारे, डोळे मोठे, मुकुट उंच. तुमच्या मुलीने पात्रांच्या अंगावरचे कापड पाहावे. धोतर असो की साडी, चित्रकार मोकळी जागा सोडत नाही. ठिपके, फुल्या, आडव्या-उभ्या रेघा, लाटा यांनी ती भरून काढतो. मी एकदा रामायणाच्या एका पोथीत केवळ कमरेखालच्या वस्त्रांवरचे नमुने मोजायला बसलो होतो, आणि विसाच्या पुढे गेल्यावर चहा आला म्हणून थांबलो.

दोन सूचना. प्रयोग पाहायचा असेल तर तीन-चार दिवस आधी कळवावे, ऐनवेळी गेल्यास कलाकार बाहेरगावी असू शकतात. आणि तासाभराच्या हिशेबाने जाऊ नये. बाहुल्यांचे कपडे कसे बेतलेले आहेत हे ताई स्वतः पाहू लागल्या तर त्यांनाच उठवत नाही, असे होईल.

अबोली_वळेसर (वेंगुर्ला) यांचे उत्तर

ताई, वरच्या तिन्ही उत्तरांत पुरुषांनी कागद, लाकूड आणि दगड सांगितले. डोक्यातले फूल कोणीच सांगितले नाही, आणि तुम्ही तर मार्चमध्ये येणार आहात!

तो सुरंगीचा हंगाम आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत आमच्या आरवली, आसोली, टांक या बाजूला सुरंगी फुलते. फूल फांदीच्या अंगालाच चिकटून येते, झाड वरून खालपर्यंत पिवळसर पांढरे दिसते. कळी उमलण्याआधी काढावी लागते, म्हणून बायका उजाडायच्या आत झाडाखाली असतात. ऊन चढले की कळ्या उघडून गळू लागतात. मग ओसरीवर बसून भराभर वळेसर, म्हणजे गजरे, ओवायचे आणि सकाळच्या बाजाराला धाडायचे. सुरंगीचा वळेसर मोगऱ्याच्या गजऱ्यासारखा संध्याकाळी कोमेजून टाकण्याजोगा होत नाही. तो सुकतो, तांबूस तपकिरी होतो, पण वास सोडत नाही. माझ्या आईच्या ट्रंकेत लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेला असे, आणि शालू बाहेर काढला की खोलीत पुन्हा मार्च येई. सावंतवाडीच्या बाजारातही सकाळी वळेसर मिळतात. साडेदहाच्या आत जावे. भाव विचारताना घासाघीस करू नये, एवढी माझी विनंती आहे, कारण त्या पहाटेच्या अंधारातल्या झाडावरच्या चढण्याची किंमत त्यात धरलेली नसते.

दुसरी गोष्ट दशावताराची, म्हणजे आमच्या लोकनाट्याची. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा त्याच दिवसांतली. तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या देवळापुढे दशावतार असतो. तुम्ही याल तेव्हा ऐन जत्रांचा भर ओसरलेला असेल, तरी कुडाळच्या नातेवाइकांना विचारून ठेवावे. नाटक रात्री उशिरा उभे राहते. सगळे नट पुरुष, संवाद पाठ केलेले नसून तिथल्या तिथे रचलेले, साथीला पेटी, पखवाज आणि झांज. तुम्ही नऊवारी शिवता म्हणून सांगते: जमले तर परवानगी मागून रंगपटात डोकवावे. गणपतीचा पेटारा मांडलेला असतो, त्याला आधी नमस्कार करावा. लहानपणी मी तिथे द्रौपदी तयार होताना पाहिली होती. तो नट दिवसा शेती करणारा, हात राकट, पण एका हातात छोटा आरसा धरून दुसऱ्या हाताने कुंकवाची कोर अशी काढली की माझ्या आत्याला जमली नसती. मग साडी. कासोटा त्याने इतका घट्ट आणि पदर इतका आखूड घेतला की मी आईला विचारले, हे असे का. आई म्हणाली, "त्याका नाचूचा आसा, आपणांक पाणी भरूचा आसा." नेसण्याची पद्धत कामावरून ठरते, हे मला त्या वेळी समजले.

देवरुखचा_प्रवासी यांचे उत्तर

खरेदीबद्दल माझ्या फजितीवरून सांगतो. तीन वर्षांपूर्वी गोव्याहून परतताना महामार्गावरच्या एका दुकानात मी "हाताने रंगवलेली" म्हणून गंजिफा घेतली. घरी भाच्याने भिंगाखाली धरली तर रंगांच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, म्हणजे छापील. छापील जोड वाईट नव्हे. खेळायला तोच बरा आणि तो तसा सांगून विकला तर कोणाची हरकत नाही. मला पैसे मात्र हाताच्या कामाचे पडले.

तेव्हापासून मी दोन पाने शेजारी ठेवून पाहतो. एकाच खुणेची दोन पाने घ्यावीत, उदाहरणार्थ माशांची पंजी आणि छक्की. हाताने काढलेले असतील तर अकरा माशांत एकाचीही शेपटी दुसऱ्यासारखी नसते. बोट फिरवले तर रंगाचा उंचवटा किंचित लागतो. पूर्ण १२० पानांचा हाताने रंगवलेला जोड महाग असणारच. त्यात कामाचे किती दिवस गेले असतील याचा विचार केला की किंमत जास्त वाटत नाही. खिसा आखडता असेल तर सुटी पाने किंवा तेच नक्षीकाम असलेली लहान डबी घ्यावी.

लाकडी वस्तूंत पूर्वी पांगाऱ्याचे लाकूड वापरत, वजनाला अगदी हलके. आता आंबा, शिवण असे इतर लाकूडही असते आणि सपाट वस्तूंना भुशाच्या दाबलेल्या फळ्याही. दुकानदाराला सरळ विचारावे; चितार आळीत मला खरी उत्तरे मिळाली. लाकडी फळांची परडी घ्याल तर प्रत्येक फळ उचलून देठाची बाजू पाहावी, कारण कारागिराची सफाई किंवा कंटाळा तिथे दिसतो. केळ्याच्या टोकाचा काळा ठिपका आणि पेरूच्या बुडाचा फुलोरा नीट असेल तर बाकीचेही नीट असते. लाख आणि रंग यांना उष्णता सोसत नाही, त्यामुळे पिशवी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

टाका_बखिया

सर्वांचे मनापासून आभार. मालवण रद्द केले असून दिरांना वरील उत्तर वाचून दाखवले आहे. एकच शंका उरते: दरबार सभागृहात काम करणाऱ्यांना प्रश्न विचारले तर त्यांना व्यत्यय होईल का, आणि मुलीने चित्रे उतरवून घेतली तर चालेल का?

चितारआळीचा_शेजारी

प्रश्न विचारावेत, पण कुंचला पानावर टेकलेला असताना विचारू नयेत. रंगात बुडवायला उचलला की विचारावेत. उतरवून घेण्याआधी परवानगी मागावी. मोबाइलवर छायाचित्र काढण्यापेक्षा पेन्सिलीने काढणाऱ्या मुलीला कलाकार अधिक वेळ देतात, हा माझ्या विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. पिंगुळीबद्दलची तक्रार मान्य. ते नाव मी रविवारसाठी राखून ठेवले होते, असे म्हणून वेळ मारून नेतो.

टाका_बखिया

काल रात्री परत आलो. ज्यांनी एवढे लिहिले त्यांना वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

सकाळी बाजारात पोहोचेपर्यंत अकरा वाजले आणि वळेसर संपले होते. चूक आमचीच, आदल्या रात्रीची वरात लांबली. एका टोपलीत तळाशी दोन उरले होते. ते त्या बाईंनी सासूबाईंच्या हातात दिले, आणि एरवी केसांत फूल न माळणाऱ्या सासूबाईंनी एक तिथेच अंबाड्याला गुंडाळला.

राजवाड्यात आम्ही तासाभराचे अडीच तास केले. तिथे एक गृहस्थ पानाच्या कडेची गोल रेघ काढत होते. मी समजत होते की हात गोल फिरत असेल. तसे नव्हते. कुंचला धरलेला उजवा हात गुडघ्यावर टेकून जागच्या जागी स्थिर होता आणि डाव्या हाताची बोटे कुंचल्याखाली पान फिरवत होती, अगदी संथ, मध्ये न थांबता. गोल गळ्याला पट्टी लावताना मी हेच करते! सुई जागेवर असते, कापड वळवायचे असते, आणि जिथे आपण थांबतो तिथे गळ्याला कोपरा येतो. मी हे त्यांना बोलून दाखवले तेव्हा त्यांनी हातातले पान पूर्ण केले, कुंचला ठेवला आणि पहिल्यांदा मान वर करून हसले. मग त्यांनी जुने बिघडलेले एक पान दाखवले. रेघ जिथे सुरू झाली आणि जिथे संपली, त्या ठिकाणी केसाएवढा सांधा होता. त्यासाठी पान बाद.

मुलीने नरसिंहाच्या आणि रामाच्या राजांची वस्त्रे उतरवून घेतली. गुरुजींनी सांगितले तसेच आढळले: काठ कुठेही सोडलेला नाही, चुण्या मात्र तीन रेघांवर भागवल्या आहेत. तिने आता स्वतःच्या एका सदऱ्याच्या आराखड्यात काठ ठेवून बाकी सगळे गाळण्याचे ठरवले आहे. मला तो आराखडा अजून समजलेला नाही.

दुपारी चितार आळीत मी सांगूनही ऐकले नाही आणि अडीचला गेलो. बहुतेक दारे लोटलेली. एका पायरीवर मांजर होते. परत तलावाकाठी येऊन बसलो, चारनंतर पुन्हा गेलो आणि फळांची परडी घेतली. पेरूचे बूड तपासूनच घेतले. सासूबाईंना भातुकलीतले रंगीत जाते आवडले. घरात नात विशीची असताना ते कोणासाठी, असे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही.

पिंगुळीला रविवारी सकाळी दोन तास होतो आणि ते कमी पडले, हे भंगसाळ_काठ यांना आनंदाने कळवते. कळसूत्री बाहुलीची चोळी मी हातात घेऊन उलटी करून पाहिली. शिवण बाहेरून घातलेली आहे, कारण एवढ्या अरुंद बाहीला आतून शिवल्यावर उलटवता येत नाही. दशावताराचा योग मात्र आला नाही.

आता मुलीची एक विनंती तिच्याच शब्दांत लिहिते. गुरुजींनी वर्णन केलेला वाळ्याचा, भुंग्याच्या पंखांचा पंखा तिला आम्ही फिरलो तिथे कुठेच पाहायला मिळाला नाही, आणि तिची वही त्या एका पानापाशी कोरी आहे. कोकणात कोणाच्या घरी, आजोळी, माळ्यावरच्या पेटीत असा पंखा किंवा त्याचा तुकडा असेल, तर त्यांनी इथे कळवावे. ती स्वतः येऊन, हात न लावता, चित्र काढून नेईल.

चितारआळीचा_शेजारी

त्या विद्यार्थ्याला आज संध्याकाळी दूरध्वनी करतो. आजी आता नाहीत, पण घर आहे.